सगळ्यात शेवटी बिदारकी



शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्न ठरलेले असायचे. एक "कारणे लिहा", भरघोस गुणांचा. दुसरा "पुढील घटना कालानुक्रमे लावा", जेमतेम दोन गुणांचा. पहिल्यासाठी मुलं गाइडं घेऊन रात्री जागवायची, आणि दुसऱ्याचं उत्तर पेपर द्यायच्या पाच मिनिटं आधी अंदाजाने ठोकून मोकळी व्हायची. माझं म्हणणं तेव्हाही असं होतं की गुणांची ही वाटणी उलटी हवी. क्रम नीट लागला की निम्मी कारणं आपोआप समोर येतात. कारणं पाठ करून मात्र क्रम कधीच कळत नाही. स्टाफरूममध्ये माझं हे बोलणं चहाबरोबर गिळलं जायचं. असो! आज तोच मुद्दा पुन्हा मांडणार आहे, आणि तोही गोगलगायीच्या एका लांबच्या भावंडाच्या मदतीने. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

माझी भाची बरीच वर्षं सिअ‍ॅटलला असते. तिकडच्या खडकाळ किनाऱ्यावर काढलेला एक फोटो तिने पाठवला होता. काळ्या रबराचा तुकडा खडकाला चिकटवून ठेवावा तसं काहीतरी, आणि पाठीवर मधोमध पांढुरक्या पाकळ्यांची एक ओळ. "मावशी, हे काय असेल सांग!" मी बीए, तेही मराठी माध्यमातून, प्राणिशास्त्राशी माझा संबंध शेजारच्या वर्गापुरता. पण उत्सुकता वाईट. शोधत गेले, वाचत गेले, आणि त्या काळ्या तुकड्याने मला थेट अलास्कातल्या दोन छोट्या गावांत नेऊन सोडलं.

आधी प्राण्याची ओळख करून देते. कायटन नावाचा मृदुकाय प्राण्यांचा एक गट आहे. शिंपल्याला दोन झडपा असतात, गोगलगायीला एक शंख असतो, तशा कायटनाच्या पाठीवर एकामागे एक आठ तकट असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. त्यामुळे पाठ वाकते आणि खडक कसाही खडबडीत असला तरी अंग त्यावर नीट बसतं. आपल्या कोकणच्या कातळांवरही कायटनाच्या जाती आहेत. बहुतेक वेळा खळग्यात, दगडाखाली लपलेल्या असतात, म्हणून आपलं लक्ष जात नाही इतकंच.

फोटोतला कायटन म्हणजे कॅथरिना ट्युनिकाटा. विल्यम वुड यांनी १८१५ साली या जातीचं वर्णन केलं, आणि लेडी कॅथरीन डग्लस नावाच्या बाईंनी इंग्लंडला नमुने पाठवले होते म्हणून पुढे तिचं नाव याला चिकटलं. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत, जिथे लाटा आपटतात अशा खडकांवर तो राहतो. इतर कायटन उजेडाला घाबरून लपतात, हा मात्र भर उन्हातही उघड्यावर ठाण मांडून असतो. तळहातावर मावेल एवढा. फार मोठा झाला तर १२-१३ सेंटिमीटर. चामड्यासारख्या काळ्या कातडीने आठही तकट जवळजवळ झाकून टाकलेले, मधला थोडा भाग तेवढा उघडा. त्याच त्या पांढुरक्या पाकळ्या.

याची जीभ हे एक नवलच आहे. जीभ कसली, कानसच ती. तिच्यावर ओळीने दात, आणि दातांच्या टोकांवर मॅग्नेटाइटचं आवरण. मॅग्नेटाइट म्हणजे ज्याला लोहचुंबक ओढतो तो खनिज पदार्थ. सजीवाच्या शरीरात असा पदार्थ तयार होतो हे १९६२ साली हाइन्झ लोवेनस्टाम या शास्त्रज्ञाने दाखवलं, ते कायटनाच्याच दातांवरून. या कानशीने तो खडकावरचं शेवाळ आणि केल्प नावाच्या मोठ्या समुद्रवनस्पतींची कोवळी वाढ खरवडून खातो.

आता अलास्का. केनाई नावाच्या द्वीपकल्पाच्या टोकाला पोर्ट ग्रॅहम आणि नानवालेक ही दोन गावं आहेत. वस्ती दोनेकशे माणसांच्या आसपास. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. होडीने जायचं नाहीतर छोट्या विमानाने. राहणारे लोक सुगपियाक, म्हणजे हजारो वर्षांपासून त्याच किनाऱ्यावर राहत आलेले मूळ रहिवासी. ते या कायटनाला आपल्या भाषेत उरीताक म्हणतात आणि बोलताना सर्रास बिदारकी म्हणतात. बिदारकी हा शब्द रशियन अमलाची खूण आहे. कातडं ताणून बनवलेल्या तिथल्या निमुळत्या होडीला रशियन लोक बैदारका म्हणत. होडी उलटी करून ठेवली की दिसते तसा हा प्राणी, म्हणून बिदारकी. हे होडीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे सुकतीला बायका कोयती घेऊन कालवं काढायला कातळावर जातात ना, तसंच तिथेही चालतं. मोठी ओहोटी आली की सुरी घेऊन किनाऱ्यावर जायचं आणि बिदारकी सावध होऊन खडकाला घट्ट धरायच्या आत एका झटक्यात उचकटायची. तकट आणि आतडी काढून टाकली की उरतं ते चिवट मांस. कुणी कच्चं खातं, कुणी उकडून, कुणी तळून. वयस्कर लोकांना हे फार प्रिय. थकलेल्या आजी-आजोबांना नेऊन देणं हा त्या गावांतला रिवाज आहे. आपल्याकडे पहिला आंबा देवापुढे आणि मग आजोबांपुढे ठेवतात, त्यातलाच प्रकार.

गेल्या शतकाच्या अखेरीस गावकऱ्यांच्या लक्षात आलं की गावाजवळच्या खडकांवर बिदारकी उरली नाही. असते ती थोडी, आणि लहान. आता प्रश्न आला: असं कुणी केलं?

उत्तरं तयारच होती. बरेच जण म्हणाले, समुद्री ऊदमांजरांनी. हे जनावर रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा खातं, आणि खातं ते शिंपले, खेकडे आणि कायटनच. काही म्हणाले, तेलाने. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन व्हॉल्डीझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. ते वाहत केनाईच्या किनाऱ्यापर्यंत आलं. पोर्ट ग्रॅहमचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर मेगानॅक यांचं "ज्या दिवशी पाणी मेलं" हे भाषण तेव्हा जगभर पोचलं. आणि बाहेरून बघणारा माणूस तिसरं उत्तर सहज देईल: तुम्हीच ओरबाडून खाल्लंत, आणखी कोण?

तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. आणि तिन्ही उत्तरं, माझ्या मते, "कारणे लिहा"च्या कॉपीतली आहेत.

सुदैवाने इथे काही लोकांनी दुसरा प्रश्न विचारला. अ‍ॅन सॉलोमन या सागरी जीवशास्त्रज्ञ, नानवालेकचे जुनेजाणते रहिवासी निक टनापे आणि हेन्री हंटिंग्टन यांनी मिळून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन कामं एकत्र केली. एक म्हणजे ११ ठिकाणच्या खडकांवर जाऊन बिदारकी मोजली, मापली. दुसरं म्हणजे गावातल्या वयस्कर लोकांसमोर बसून विचारलं की तुमच्या लहानपणापासून काय काय होतं, आणि त्यातलं काय, कधी, कशाच्या आधी संपलं?

मोजणीत दिसलं ते असं, की जिथे माणसं जास्त गोळा करतात आणि जिथे ऊदमांजरं जास्त, तिथे बिदारकी कमी. म्हणजे दोघेही वाटेकरी. पण खरी गोष्ट दुसऱ्या कामातून उलगडली. म्हाताऱ्यांच्या आठवणी जुळवल्यावर दिसलं की बिदारकी ही रांगेतली शेवटची होती. १९६०च्या दशकापासून एकेक प्राणी ओळीने कमी होत गेला होता. काटेरी अर्चिन, खेकडे, वाळूतल्या शिंपल्या, मग कॉकल नावाचे जाड शिंपले. एक संपलं की माणसंही दुसऱ्याकडे वळली आणि ऊदमांजरंही. सगळ्यात शेवटी दोघंही एकाच खडकावर, एकाच प्राण्यासाठी समोरासमोर आली. तो प्राणी म्हणजे बिदारकी.

एखादं खातंपितं घर बसतं तेव्हा काय होतं ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. आधी बांगड्या जातात. मग पितळी हंडे, मग कपाट, मग दाराशी बांधलेली गाय. शेवटी कुणीतरी तांब्या विकतो. आणि घरातले भांडत बसतात, "तांब्या कुणी विकला?" ज्याने विकला त्याचं नाव खरंच असतं हो, पुरावाही असतो. पण त्या नावाने घर का बसलं ते कळत नाही. ते कळायचं तर बांगड्यांपासून सुरुवात करावी लागते.

मग या किनाऱ्याच्या बांगड्या कधी गेल्या? क्रम लावून पाहू.

१७४१ साली व्हिटस बेरिंगची मोहीम अलास्काला पोचली आणि समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांची कीर्ती रशियात गेली. इतकी दाट, मऊ लव दुसऱ्या कुठल्या जनावराला नाही. व्यापारी धावले. आज नानवालेक आहे त्याच जागी अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियन व्यापाऱ्यांचं ठाणं उभं राहिलं. शिकार कुणी करायची? इथल्याच लोकांनी. बायकामुलांना ओलीस ठेवून पुरुषांना बैदारका होड्यांतून शिकारीला धाडलं जाई. (आलं का लक्षात? ज्या होडीचं नाव या कायटनाला मिळालं, त्याच होडीतून त्याचा सगळ्यात मोठा शत्रू मारला गेला.) १८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला विकलं, शिकार चालूच राहिली. १९११ साली चार देशांनी करार करून ती थांबवली, तेव्हा साऱ्या उत्तर पॅसिफिकमध्ये मिळून हजार-दोन हजार ऊदमांजरं उरली होती.

म्हणजे विसाव्या शतकातल्या आजोबांनी लहानपणी जे बघितलं, खडक झाकून टाकतील इतक्या बिदारकी, पाय ठेवायला जागा नाही इतके अर्चिन, ती समृद्धी खरीच होती; पण ती ऊदमांजरं नसतानाची समृद्धी होती. तो एका मोठ्या अन्यायाचा उलटा परिणाम होता. पुढे संरक्षण मिळालेली ऊदमांजरं हळूहळू आपल्या जुन्या घरी परतली, तेव्हा गावकऱ्यांना ती घुसखोर वाटली. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं कुणाला आठवणार?

त्याआधी मात्र हजारो वर्षं माणूस, ऊदमांजर आणि बिदारकी तिघं एकाच किनाऱ्यावर नांदत होती. उत्तर पॅसिफिकच्या काठावर जुन्या वस्त्यांपाशी शिंपल्यांचे ढिगारे सापडतात, त्यांत कायटनाचे तकटही असतात. मग तेव्हा संपलं नाही ते आता का संपावं? कारण मधल्या काळात माणसाचं राहणं बदललं. पूर्वी लोक ऋतूप्रमाणे मुक्काम हलवत. एका खाडीतलं थोडं घ्यायचं, पुढच्या खाडीत जायचं. मागचा खडक वर्ष-दोन वर्षं सुटीवर. मग देऊळ आलं, म्हणजे त्यांचं चर्च. दुकान आलं, साल्मन मासे डबाबंद करण्याचा कारखाना आला. आणि शाळा आली. मुलांनी रोज शाळेत हजर राहायचं तर आईबापांना एका जागी घर करणं भागच. मी जन्मभर हजेरी घेतलेली बाई, त्यामुळे हे वाचताना क्षणभर थांबले. शाळा ही चांगलीच गोष्ट. पण चांगल्या गोष्टीचाही खडकावर परिणाम होतो, आणि तोही क्रमात लिहावा लागतो. माणसं एका जागी राहिली, तसे घराजवळचे खडक बारा महिने कामाला लागले. पुढे इंजिनाच्या होड्या आल्या, डीप फ्रीजर आले. जेवढं आज खाणार तेवढंच काढायचं, ही मर्यादा राहिली नाही.

पुढचा घाला निसर्गाचा. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केनाईचा किनारा ठिकठिकाणी खचला. जिथे ओहोटीला वाळू उघडी पडायची तिथे पाणी राहू लागलं. १९८०च्या दशकात त्या भागातली खेकडे आणि कोळंबीची व्यापारी मासेमारी एकामागून एक कोसळली, बंद करावी लागली. १९८९ मध्ये तेल आलं, किनाऱ्यावरचं काही खावं की नाही अशी भीती बसली. आणि या सगळ्यानंतर, रांगेत शेवटी उभी असलेली बिदारकी.

आता माझं मत सांगते, कारण नुसती माहिती द्यायला मी हे टंकायला बसले नाही.

एखादी गोष्ट नाहीशी झाली की आपण पहिल्यांदा दोषी शोधतो, आणि बहुधा जो शेवटी हातात सापडतो त्यालाच धरतो. ऊदमांजर डोळ्यांसमोर बिदारकी खातंय, झालं, तोच चोर. गावातली म्हातारी सुरी घेऊन खडकाकडे चाललीय, तीच चोर. दोनशे वर्षांपूर्वी कातडी विकून गेलेला व्यापारी काही आज किनाऱ्यावर दिसत नाही. शेवटी आलेला सापडतो, पहिला सुटतो. "दोषी कोण" या प्रश्नाचा हा स्वभावच आहे. "आधी काय गेलं?" या प्रश्नात पहिल्यालाही हजेरी द्यावी लागते.

यावर कुणी म्हणेल, "बाई, असं सगळ्यांवर थोडं थोडं वाटलं की कुणीच जबाबदार राहत नाही." हा आक्षेप रास्त आहे. पण क्रम लावणं म्हणजे सगळ्यांना सारखे गुण वाटणं नाही. जहाज आदळलं त्याला माणसंच जबाबदार होती, ओलीस ठेवणारेही जबाबदार होते, आणि भूकंपाला कुणीच जबाबदार नव्हतं. क्रमामुळे उलट हे स्पष्ट होतं की कुठल्या पायरीवर थांबता आलं असतं. खेकडे संपले तेव्हा थांबून "आता भार कशावर येणार?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर बिदारकीची पाळी कदाचित लांबली असती. आणि आज काय करायचं तेही क्रमातूनच सुचतं. एकट्या ऊदमांजरांना मारून भागणार नाही. (१९७२च्या कायद्याने तिथल्या मूळ रहिवाशांना मर्यादित शिकारीची मुभा आहेच.) जवळचा खडक काही काळ सुटीवर सोडणं, ही त्यांच्याच पूर्वजांची रीत. ती त्यांनी स्वतःहून परत आणली तर उपयोगी, बाहेरच्या कुणी लादली तर पुन्हा ओलीस ठेवल्यासारखंच.

आणखी एक. शेवटचा प्राणी भरपूर दिसतो तो शेवटपर्यंत भरपूरच दिसतो. बाकी सगळं असतं तेव्हा त्याच्याकडे कुणी वळत नाही, म्हणून तो टिकतो. आणि टिकलाय म्हणून आपल्याला वाटतं की काळजीचं कारण नाही. बिदारकीच्या बाबतीत त्याचं जाणंही एकट्याचं नसतं. मेगन डेथियर आणि डेव्हिड डगिन्स या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटाच्या किनाऱ्यावर प्रयोग केला. खडकांवरून हे काळे कायटन काढून टाकले. केल्प माजलं, खडक झाकला गेला. आता कुणाला वाटेल, खाणारा एक गेला तर टोपीसारख्या शिंपल्यांची, लिंपेटांची, चंगळ होईल. झालं उलटं. लिंपेट कमी झाले. ते जगतात खडकावरच्या अगदी बारीक शेवाळाच्या थरावर, आणि तो थर उघडा ठेवायचं काम बिदारकी करत होती. ज्याला आपण प्रतिस्पर्धी समजतो तोच आपलं ताट मोकळं करून देत असतो!

म्हणून मला त्या २००७च्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यात निक टनापे यांचं नाव लेखकांमध्ये आहे. मुलाखत दिली, आभार मानले, संपलं, असं झालं नाही. वयस्कर माणसाची आठवण ही माहिती आहे, तीही शास्त्राच्या तोडीची, असं मान्य झालं. खडक मोजून आज किती आहे ते कळतं. पूर्वी काय होतं आणि कशानंतर काय गेलं, हे खडक सांगत नाही. ते फक्त जो तिथे होता तोच सांगू शकतो.

आठवणीत चुका होतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हातारपणी जुनं सगळं सोन्याचं वाटतं, माश्यांची लांबी दर वर्षी वीतभर वाढते. पण गंमत बघा, माणसाला आकडे आठवत नाहीत, सन आठवत नाही, क्रम मात्र सहसा आठवतो. "ते भूकंपाच्या आधीचं." "हे तेल आलं त्यानंतरचं." "धाकटीच्या लग्नात खेकडे होते, मोठ्या नातवाच्या बारशाला नव्हते." दहा जणांनी वेगवेगळं बसून सांगितलेला क्रम जुळला, आणि खडकावरची मोजणी त्याला धरून आली, तर त्याहून पक्का पुरावा इतिहासाच्या तरी पुस्तकात फारसा नसतो. आम्ही पानिपत शिकवलं ते बखरी आणि पत्रांवरूनच की!

आणि ही साक्ष द्यायला मुदत असते. भूकंपाआधीचा तो किनारा ज्यांनी जाणत्या वयात पाहिला ते आज सत्तरीच्या पुढचे आहेत. म्हणजे माझ्याच वर्गातले म्हणा ना. त्यांच्यानंतर जन्मलेल्यांना खडक रिकामा आहे हे दुःखही वाटणार नाही, कारण त्यांच्या लेखी तो तसाच असतो. तक्रार करायलासुद्धा आधी काय होतं ते माहीत असावं लागतं.

तेव्हा माझी नातेवाइकांना आणि लिहित्या मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. घरात, ओळखीत कुणी ऐंशीच्या घरातलं माणूस असेल, कोकणातलं असो वा देशावरचं, तर त्यांना "पूर्वी किती छान होतं ना?" असं विचारू नका. त्यावर फक्त उसासा येतो. विहीर, ओढा, कातळ, रान, जे त्यांच्या ओळखीचं असेल त्याबद्दल विचारा: पहिल्यांदा काय दिसेनासं झालं? त्यानंतर काय? त्या वेळी गावात नवीन काय आलं होतं? आणि आता काय भरपूर आहे? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण पुढची पाळी त्याचीच असते. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, सन आठवला नाही तरी चालेल, आणि खाली त्यांचं नाव लिहा. मुलाखत म्हणून खाली बारीक अक्षरात लिहू नका, लेखक म्हणून वर लिहा.

लिहून झालं की मला जरूर पाठवा. तपासायची सवय अजून गेलेली नाही. मात्र या वेळी क्रमाला पाच गुण आणि कारणांना दोन.